घरी जोडलेली ८० मिमी टिल्ट लेन्स: क्लोज-अपसाठी वापरून बनलेलं मत

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. घड्याळाची तबकडी, नाणं, पसरलेला पंख, सर्किट बोर्ड अशी सपाट पण कॅमेऱ्यासमोर तिरकी ठेवलेली छोटी वस्तू एकाच एक्स्पोजरमध्ये या कडेपासून त्या कडेपर्यंत शार्प हवी असेल, तर ही घरगुती लेन्स कारखान्यातून आलेल्या भल्याभल्या टिल्ट लेन्सना, म्हणजे सेन्सरच्या तुलनेत तिरक्या वाकवता येणाऱ्या लेन्सना, मागे टाकते. कारण एकच, ती जास्त वाकते. बाकी कुठल्याही बाबतीत ती त्यांच्या आसपास फिरकत नाही. ऑटोफोकस नाही, कॅमेऱ्याला लेन्सचा पत्ता नाही, कॉन्ट्रास्ट बेताचा, आणि रूप असं की भाचा पहिल्यांदा बघून म्हणाला, "आत्या, हिच्यात पाणी कुठून भरायचं?"

मी जुनी मनगटी घड्याळं आणि पतंग-फुलपाखरांचे फोटो काढते. दोन्हींत एकच अडचण येते. तबकडीसमोर कॅमेरा सरळ धरला की काचेत कॅमेऱ्याचं काळं तोंड दिसतं. फुलपाखराच्या पंखावरची निळी झाक सरळ बघितली तर एक असते आणि बाजूने बघितली तर वेगळी, कारण मॉर्फोसारख्या फुलपाखरांत तो निळा कुठल्या रंगद्रव्याचा नसतो. खवल्यांवरच्या बारीक रचनेतून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो आणि बघण्याच्या कोनानुसार बदलतो. म्हणजे तिरकं जावंच लागतं. आणि क्लोज-अपमध्ये तिरकं गेलं की फोकस हातचा जातो. ३६ मिमीची तबकडी ४५ अंशांत ठेवली तर तिची जवळची आणि लांबची कड यांच्यात सुमारे २५ मिमी खोली तयार होते. निम्म्या आकारात, म्हणजे १:२ ला, फुल फ्रेमवर एफ/८ ठेवून मिळणारी डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे शार्प दिसणारी खोली, जेमतेम ३ मिमी. १:१ ला गेलात तर १ मिमी. ॲपर्चर बारीक करत जाऊन हे अंतर भरून निघणार नाही हे आकडे बघूनच कळतं.

टिल्टचं काम इथे सुरू होतं. लेन्स सेन्सरला समांतर असते तेव्हा फोकसचं प्रतलही समांतर असतं. लेन्स वाकवली की प्रतलही वाकतं, आणि सेन्सरचं प्रतल, लेन्सचं प्रतल आणि फोकसचं प्रतल ही तिन्ही एकाच रेषेत भेटतात. याला शाइम्फ्लुगचा नियम म्हणतात. टेओडोर शाइम्फ्लुग हा ऑस्ट्रियाच्या सैन्यातला कॅप्टन. हवेतून घेतलेल्या तिरक्या फोटोंचे नकाशासारखे सरळ फोटो करायची त्याला गरज होती. १९०४ च्या ब्रिटिश पेटंटमध्ये त्याने हे मांडलं, आणि ज्यूल कार्पांतिये या फ्रेंच माणसाने १९०१ मध्येच एन्लार्जरसाठी (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्रासाठी) अशीच युक्ती पेटंट केली होती हे स्वतःच नमूद केलं. मला यातला एन्लार्जर महत्त्वाचा वाटतो, कारण माझी लेन्स तिथलीच आहे.

आता विकतच्या लेन्स. कॅननच्या २०१७ मधल्या टीएस-ई ९० मिमी मॅक्रोला १० अंश टिल्ट आहे आणि ती १:२ पर्यंत जाते. निकॉनची पीसी-ई मायक्रो ८५ मिमीसुद्धा १:२ पर्यंतच, टिल्ट ८.५ अंश. निसर्गदृश्यासाठी हे भरपूर होतं. क्लोज-अपमध्ये मात्र गणित उलटतं. जसजसं मॅग्निफिकेशन, म्हणजे वस्तूच्या तुलनेत सेन्सरवरच्या चित्राचा आकार, वाढतं तसतसा त्याच तिरकेपणासाठी लेन्सला जास्त वाकावं लागतं. ४५ अंशांत ठेवलेली वस्तू वास्तवाच्या एक दशांश आकारात टिपायची तर साधारण ५ अंश टिल्ट पुरतो. पाव आकारात १० अंश. निम्म्या आकारात १५ ते १६. आणि १:१ ला पूर्ण २२.५ अंश. १० अंशांची लेन्स १:२ ला जास्तीत जास्त २९ अंश तिरकी वस्तू पकडू शकते, तीच लेन्स एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स पुढे सरकवणारी पोकळ नळी) लावून १:१ ला नेली तर फक्त २०. माझी जोडणी २५ अंश सहज वाकते. सगळ्या खटपटीचं समर्थन एवढंच आहे, पण ते पुरेसं आहे.

गाभा आहे ईएल-निक्कोर ८० मिमी एफ/५.६. डार्करूममध्ये निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रतिमा टाकायला ती बनवलेली. डार्करूम बंद पडत गेल्या तशा अशा लेन्स लोकांच्या कपाटांतून बाहेर आल्या. तिच्यात फोकसची रिंग नाही, शटर नाही, फक्त काच आणि ॲपर्चर. टिल्टसाठी हवं तेवढंच, म्हणून आकारही लहान आणि वजनही कमी. बेलोच्या, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स जोडणाऱ्या लवचिक बोगद्याच्या, टोकाला जड लेन्स लावली की ती खाली झुकते. ही झुकत नाही. शिवाय एन्लार्जरच्या लेन्स जवळच्या अंतरासाठीच दुरुस्त केलेल्या असतात आणि त्यांचं फील्ड सपाट असतं, म्हणजे मधला भाग शार्प आणि कडा मऊ असा प्रकार कमी. सपाट वस्तूच्या फोटोला याहून वेगळं काय हवं?

८० च का, ५० का नाही, हा प्रश्न मला नेहमी येतो. ५० मिमीच्या एन्लार्जर लेन्स जास्त मिळतात, बऱ्याच एफ/२.८ असतात आणि पडद्यावर चित्रही उजळ दिसतं. पण त्या २४×३६ मिमीच्या निगेटिव्हसाठी. ८० ची ६×६ साठी, जिचा कर्ण ७९ मिमी भरतो. लेन्स वाकवली की तिचा प्रकाशाचा गोल सेन्सरवरून सरकतो, म्हणून गोल जितका मोठा तितकं वाकायला रान मोकळं. १:२ ला १६ अंशांवर ५० ची लेन्स एक कड काळी करते. ८० ची करत नाही. २० अंशांच्या पुढे ८० मध्येही लांबच्या कोपऱ्यांवर अंधारी येऊ लागते. टिल्ट फ्रेमच्या आखूड बाजूच्या दिशेने केला तर ती उशिरा येते, म्हणून मी माउंट त्याच दिशेने बसवला आहे. आणखी एक फायदा अंतराचा. १:२ ला ८० ची लेन्स वस्तूपासून २४० मिमीवर राहते, ५० ची १५० वर. तेवढ्या जागेत दिव्याचा छोटा डिफ्यूझर सरकवता येतो आणि पतंगही बिचकत नाही.

एफ/५.६ हा मात्र काच आहे, अक्षरशः. १:२ ला लेन्स पुढे सरकलेली असल्याने एफ/५.६ चा व्यवहारातला आकडा एफ/८.४ होतो, १:१ ला एफ/११. फोकस उघड्या ॲपर्चरवर लावायचा, तोही अर्धवट उजेडात, म्हणजे डोळ्यांना त्रास आहे. ज्यांना हे नको त्यांनी त्याच घराण्यातली एफ/४ ची ८० मिमी बघावी: रोडेनस्टॉकची रोडागॉन किंवा श्नायडरची कॉम्पोनॉन-एस. या दोन्हींत एक खोच आहे. अंधारात ॲपर्चरचा आकडा वाचता यावा म्हणून लेन्समध्ये छोटी उजेडाची खिडकी असते. एन्लार्जरमध्ये ती सोय. कॅमेऱ्यावर तीच खिडकी बाहेरचा उजेड आत ओढते आणि फोटोवर पांढुरका पडदा चढतो. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला की प्रश्न मिटतो, पण खिडकी आहे हे माहीत नसेल तर माणूस बेलोत भोक शोधत बसतो.

बेलोबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण अशा जोडण्या बहुतेक इथेच फसतात. घरगुती टिल्ट म्हटलं की गाडीच्या ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट किंवा मोरी तुंबल्यावर वापरतात त्या पंपाचा रबरी कप, हे दोन पर्याय हमखास पुढे येतात. मी बूट वापरून पाहिला. प्रकाश अजिबात गळत नाही, टिकाऊ आहे, पाच मिनिटांत बसतो. पण रबराला स्वतःचं मत असतं. लेन्स १६ अंशांवर नेऊन हात सोडला की ती हळूहळू १३ वर येते. एक सेकंदाचं एक्स्पोजर असेल तर त्या सेकंदातही थोडी हलते. हाताने दाबून धरून, शटर जलद ठेवून, खेळकर धूसर फोटो काढायचे असतील तर रबर छान आहे. मोजून मापून काम करायचं असेल तर निरुपयोगी. आतून ते चकचकीत असतं ही दुसरी तक्रार. प्रकाशाचा गोल सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा, म्हणजे वाया जाणारा सगळा प्रकाश बेलोच्या भिंतींवर आदळून परत सेन्सरवर येणार. रबराने तो भरपूर परत केला.

काळ्या जाड कागदाला घड्या घालून केलेला बेलो दिसायला सुंदर, आणि सरळ ताणायला उत्तम. वाकवताना एका बाजूच्या घड्या एकमेकींवर चढून घट्ट बसतात आणि दुसरीकडच्या ताणून कागद चिरतो. २० अंशांपुढे कागद टिकत नाही.

टिकली ती शिवलेली पिशवी. मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्यांत वाइड लेन्ससाठी घड्यांच्या बेलोऐवजी सैल कापडी पिशवीचा बेलो लावतात, कारण तिथे लेन्स सेन्सरच्या जवळ असते आणि तरीही हलवायला जागा लागते. क्लोज-अप टिल्टची गरज अगदी तीच. पडद्यांसाठी येतं ते प्रकाश अडवणारं जाड काळं कापड बाहेर, आणि आत न चमकणारं मखमली कापड. दोन थर, शिलाया एकावर एक येणार नाहीत अशा सरकवलेल्या, कारण सुईच्या प्रत्येक भोकातून प्रकाश येतो. पिशवी स्वतः काही पेलत नाही, काही ढकलत नाही, परत उडी मारत नाही. लेन्स जिथे ठेवाल तिथे राहते, कारण तिला धरायचं काम सांगाड्याचं आहे.

सांगाडा म्हणजे दोन चौकटी. मागची कॅमेऱ्याला, पुढची लेन्सला, खालून एका ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दोन्ही बसवलेल्या. पुढची चौकट इंग्रजी यू आकाराच्या कंसात दोन बोल्टवर झुलते. बोल्टच्या आत चामड्याचा वॉशर आहे. त्यामुळे नट अर्धवट आवळला की चौकट घासत फिरते आणि पूर्ण आवळला की गच्च. धातूवर धातू असेल तर एकतर सुटी राहते नाहीतर एकदम अडकते. बाजूला कोनमापकाची छापील अर्धगोल पट्टी चिकटवली आहे. तिच्यावरून एक अंशापर्यंत वाचता येतं, आणि पुन्हा तोच कोन लावायचा असेल तर तेवढं पुरतं.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे फिरण्याचा अक्ष कुठून जातो. लेन्स तिच्या मागच्या टोकाशी किंवा चौकटीच्या तळाशी वाकवली, तर प्रत्येक अंशाला चित्र फ्रेमबाहेर पळतं, फोकसही सुटतो, आणि मग कॅमेरा हलवा, परत वाकवा, परत हलवा असा खेळ सुरू. अक्ष लेन्सच्या मधून, ॲपर्चरच्या पातळीजवळून नेला की चित्र फारसं उडत नाही. माझे दोन बोल्ट बरोबर ॲपर्चरच्या रिंगच्या रेषेत आहेत. यासाठी लेन्स चौकटीत थोडी मागे, बुडवून बसवावी लागली आणि त्यासाठी एक खोलगट धातूची रिंग हवी होती. लेथवर काम करणाऱ्या काकांना नुसतं चित्र दाखवलं. "हे आटे कुठल्या मापाचे? मिलिमीटरचे नाहीत हे," ते म्हणाले. खरंच नाहीत. एन्लार्जर लेन्सचा व्यास ३९ मिमी असला तरी आटे इंचाला २६. कॅमेऱ्याकडच्या बाजूला तर आणखी गंमत. ४२ मिमीच्या रिंग दोन प्रकारच्या मिळतात. जुन्या स्क्रू माउंटच्या आट्यांचं अंतर १ मिमी, आणि दुर्बिणी-टेलिस्कोपवाल्यांच्या टी-२ रिंगचं ०.७५ मिमी. दोन्ही दिसायला सारख्या, पहिला अर्धा फेरा एकमेकींत जातातही, आणि मग अडकतात. मागवताना आट्यांचं अंतर वाचूनच मागवा. कॅमेऱ्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला भोक पाडून माउंट करायची पद्धत सगळीकडे सांगितली जाते. हलक्या जोडणीला ती चालते. पण इथे कॅमेरा आणि लेन्स दोन्हींच्या मधे सांगाड्याचं वजन येतं, आणि प्लॅस्टिकचे कान त्याला पुरे पडत नाहीत. धातूची ॲडाप्टर रिंगच घ्यावी.

कुठला कॅमेरा? मी मिररलेस वापरते आणि तोच सुचवेन. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतच ४४ ते ४६.५ मिमी जातात. मिररलेसमध्ये १६ ते २० मिमी. ८० च्या लेन्सला दोन्हींकडे जागा उरते, पण मिररलेसमध्ये पिशवी जास्त सैल ठेवता येते आणि अनंताच्या फोकसवरही वाकायला वाव राहतो. आरशाच्या कॅमेऱ्यांत आणखी एक त्रास म्हणजे तिरका आलेला प्रकाश माउंटच्या कडेवर आणि आरशाच्या खोबणीवर अडतो. निकॉनच्या जुन्या एफ माउंटचं तोंड ४४ मिमी, नव्या झेडचं ५५. हा फरक टिल्टमध्ये कोपऱ्यांवर दिसतो. आणि व्ह्यूफाइंडरच्या काचेवर टिल्टचा फोकस नेमका लावणं अवघडच. लाइव्ह व्ह्यू मोठा करून बघायची सोय हवीच हवी. मेन्यूत 'लेन्स नसताना शटर' अशा अर्थाचा पर्याय चालू करायला विसरू नका, नाहीतर कॅमेरा फोटोच घेणार नाही.

फोकस मी लेन्सने लावत नाही, रेलने लावते, म्हणजे अख्खा कॅमेरा मागेपुढे सरकवणाऱ्या पट्टीने. लेन्स मागेपुढे केली की मॅग्निफिकेशन बदलतं, आणि ते बदललं की लागणारा टिल्टही बदलतो. म्हणून आधी पिशवीची लांबी ठरवायची: ८० मिमीच्या लेन्ससाठी १:२ ला लेन्सच्या मध्यापासून सेन्सर १२० मिमीवर, १:१ ला १६० वर. ती आवळून टाकायची. मग वर दिलेल्या आकड्यांतला कोन अंदाजाने लावायचा आणि अख्खा कॅमेरा रेलवर सरकवत वस्तूचा मध्य शार्प करायचा. आता जवळची आणि लांबची कड बघा. लांबच्या कडेवर फोकस आणायला रेल पुढे सरकवावी लागत असेल तर टिल्ट कमी आहे, मागे आणावी लागत असेल तर जास्त. थोडा कोन, थोडी रेल, असं करत दोन-तीन फेऱ्यांत तबकडीवरचा बारा आणि सहा दोन्ही एकदम उभे राहतात. तो क्षण मला अजूनही आवडतो. मग ॲपर्चर एफ/८ किंवा एफ/११. त्यापुढे जाऊ नये. १:१ ला एफ/१६ म्हणजे व्यवहारात एफ/३२, आणि डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून प्रकाश पसरण्यामुळे) मिळालेला सगळा शार्पनेस परत जातो.

प्रकाश गळतोय का ते तपासायची पद्धत सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत लेन्सवर झाकण लावा, आयएसओ वाढवा, अर्ध्या मिनिटाचं एक्स्पोजर सुरू करा आणि टॉर्च घेऊन पिशवीभोवती, चौकटींच्या सांध्यांभोवती फिरवा. फोटो पूर्ण काळा आला पाहिजे. पिशवी सरळ असताना एकदा आणि पूर्ण वाकवून एकदा करा. फटी वाकल्यावरच उघडतात.

आता चित्रं कशी येतात. १:२ ला, १६ अंशांवर, एफ/८ ला घेतलेली तबकडी जवळच्या कडेपासून लांबच्या कडेपर्यंत एकसारखी शार्प आहे; आकड्यांच्या कडेचा रंगाचा थर कुठे उडालाय तेही दिसतं. तबकडीच्या वर उभे असलेले काटे मात्र टोकाला किंचित मऊ आहेत, कारण ते फोकसच्या प्रतलाबाहेर आहेत. हे लक्षात ठेवण्यासारखं. टिल्टने डेप्थ ऑफ फील्ड वाढत नाही, तिची फक्त दिशा बदलते. पाचरीच्या आकाराचा शार्प पट्टा वस्तूच्या अंगाला लागून झोपतो, आणि त्या पट्ट्याबाहेर डोकावणारी प्रत्येक गोष्ट नेहमीपेक्षा लवकर धूसर होते. बसक्या मशीनचे भाग, नाण्यावरची अक्षरं, पंखावरचे खवले यांना हे मानवतं. भुंग्याला मानवत नाही. गोलसर, फुगीर पाठीवर कुठलंही प्रतल टाका, एक पट्टा शार्प आणि बाकी धूसर. तिथे फोकस स्टॅकिंगच करावं, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे अनेक फोटो सॉफ्टवेअरने एकत्र जोडावेत, टिल्टचा हट्ट धरू नये.

स्टॅकिंग असताना टिल्ट कशाला, असं विचारणारे चूक नाहीत. स्थिर वस्तूवर, वेळ असेल तर, स्टॅकिंग बहुतेक वेळा जिंकतं. पण पंखाच्या कडेचे केस, एकमेकांवर आलेल्या तारा, काचेतली प्रतिबिंबं अशा ठिकाणी स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर कडांना प्रभावळ सोडतं, ती पुसण्यात संध्याकाळ जाते. आणि वारा असेल तर दहा फ्रेम एकमेकींशी जुळतच नाहीत. टिल्टचा फोटो एक. हलत्या फांदीवर बसलेल्या पतंगाचा दोन्ही पंखांसकट एका एक्स्पोजरमध्ये आलेला फोटो मला याच जोडणीने दिला. पहाटे, थंडीने किडे सुस्त असताना. दिवसा उन्हात याच्या नादी लागू नका; कोन लावेपर्यंत किडा निघून गेलेला असतो. हातात धरून तर शक्यच नाही, ट्रायपॉड हवा.

टिल्टने दृश्याचा तिरकेपणा जात नाही हेही सांगायला हवं, कारण अनेकांची तशी समजूत असते. तबकडी तिरकी ठेवली तर ती फोटोत लंबगोलच दिसणार, जवळची कड मोठी आणि लांबची लहान. ते नको असेल तर शिफ्ट, म्हणजे लेन्स किंवा सेन्सर न वाकवता बाजूला सरकवणं, लागतो, आणि माझ्या सांगाड्यात शिफ्ट नाही. मागची चौकट सरकवता येईल अशी खाच ठेवली असती तर २० अंशांवरची कोपऱ्यातली अंधारीही आटोक्यात आणता आली असती; सरकवलेल्या सेन्सरला गोलाचा मधला भाग मिळतो. ज्यांना पुढे करायचं आहे त्यांनी ती खाच पहिल्यापासून कापावी.

कॉन्ट्रास्टची तक्रार उरते. आतलं मखमली कापड आणि लेन्सपुढे खोल हूड लावल्यावर चित्र बरंच भरीव झालं, तरी चांगल्या आधुनिक मॅक्रो लेन्सशेजारी ठेवलं तर काळे भाग थोडे राखाडी वाटतात. एडिटिंगमध्ये काळे भाग खाली ओढले की भागतं. हूड चौकटीला नाही, लेन्सला बसवायचं. ते लेन्सबरोबर वाकलं पाहिजे, नाहीतर १५ अंशांना फोटोत हूडच दिसतं.

उलट दिशेने वाकवून खेळण्यातल्यासारखे फोटो काढायला ही घेणार असाल तर एवढा खटाटोप नको. तुमच्याकडची ५० मिमीची लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवून, माउंटसमोर हातात तिरकी धरून बघा. क्लोज-अपला तेही चालतं, आणि टिल्ट म्हणजे काय ते बोटांना कळतं. उघड्या माउंटमध्ये धूळ जाते हे मात्र गृहीत धरा.

धूळ इथेही आहेच. पिशवी दाबली-ओढली की हवा आत-बाहेर होते आणि हवेबरोबर कण. रबरी बूट याहून वाईट होता, त्याच्यावरची पावडर आत उडायची. पिशवीत पावडर नाही, पण मखमली कापडाच्या कापलेल्या कडा सुटतात आणि तंतू सेन्सरवर येऊन बसतात. एफ/११ ला ते स्पष्ट दिसतात. शिवण्याआधी त्या कडा दुमडून आत घ्याव्यात आणि वरून पातळ गोंदाचा हात फिरवावा. माझ्या पिशवीच्या पुढच्या तोंडाला तसं केलंय, मागच्या तोंडाचं काम अजून बाकी आहे.